ऑर्मोलू कँडेलाब्रा म्हणजे 'सोन्याची झुंबरं' का?

तुम्ही विचारलंय की जुन्या फ्रेंच वस्तूंच्या कॅटलॉगचं भाषांतर करताना 'पेअर ऑफ ऑर्मोलू कँडेलाब्रा' आलं, तिथं 'सोन्याच्या झुंबरांची जोडी' चालेल का. मला विचाराल तर नाही, सोनंही चुकलंय आणि झुंबरही.

झुंबराचं आधी सांगतो, ते सोपं आहे. झुंबर छताला टांगतात, कँडेलाब्रा टेबलावर उभं असतं, मधे खांब, त्याला फुटलेल्या फांद्या आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला मेणबत्ती खोचायची जागा. गोंधळ होतो कारण इंग्रजीत शँडेलियर म्हणजे झुंबर पण फ्रेंचमधे शांदेलिए म्हणजे साधं मेणबत्तीचं स्टँड, झुंबराला ते ल्युस्त्र म्हणतात. आपल्याकडे शमादान हा फार छान शब्द पडून आहे, शमा म्हणजे मेणबत्ती आणि दान तेच जे पानदानात आहे, अत्तरदाणी-पिकदाणीत आहे. 'फांद्यांचं शमादान' म्हटलं की चित्र लगेच उभं राहतं.

आता ऑर्मोलू. मूळ फ्रेंच 'ऑर मुल्यू', म्हणजे दळलेलं सोनं. दळण्याच्या ज्या लॅटिन धातूवरून हा मुल्यू आला त्यावरूनच इंग्रजी मिल आली, म्हणजे आपल्या गिरणगावातली मिल या मुल्यूची चुलत बहीण लागते! कानाला तो आपल्या मुलाम्यासारखाच लागतो आणि मलाही आधी वाटलं होतं की एकच असणार, पण मुलामा अरबीतून आलाय, चमकणे या अर्थाच्या धातूवरून, दोघांचा काही संबंध नाही. तरी अर्थानं इतका चपखल बसतो की तोच वापरा.

फक्त कुठला मुलामा ते सांगायला हवं. सोन्याचा चुरा पाऱ्यात कालवून लोण्यासारखा लगदा करायचे, तो ओतीव ब्राँझवर फासून वस्तू तापवायची, पारा वाफ होऊन जातो आणि सोनं धातूला धरून राहतं. म्हणून 'सोन्याचा वर्ख' लिहू नका, वर्ख चिकटवतात. पुढचं काम तर बघत राहावं असं, काही भाग अकीकाच्या दगडानं घोटून आरशासारखा करायचा आणि शेजारचा मॅट ठेवायचा, त्यामुळे एकाच पानाची कड चमकते आणि पोट मऊ, दुधाळ सोनेरी दिसतं. या मॅट कामात पॅरिसचा पिएर गुतिएर (1732-1813) उस्ताद होता, फ्रान्सच्या राणीसाठी, मारी आंत्वानेतसाठी काम केलेला माणूस. असल्या कामाला 'घोटीव' हा आपला शब्द किती नेमका बसतो बघा.

ब्राँझला मात्र कासं म्हणू नका, ब्राँझच राहू द्या, कारण या ओतकामात बरेचदा जस्त भरपूर असायचं आणि ते पितळेच्या जवळ जातं.

आणि पारा शब्दातून गाळू नका ही माझी कळकळीची विनंती. त्या वाफेनं मुलामा देणारे कारागीर थरथरायला लागायचे, दात जायचे, लवकर मरायचे. रावरियो नावाचा पॅरिसचा ब्राँझवालाच 1814 मधे वारला तेव्हा या लोकांना वाचवणारी युक्ती काढणाऱ्यासाठी त्यानं मृत्युपत्रात 3,000 फ्रँक ठेवले होते, आणि ते बक्षीस वाफ ओढून घेणारी भट्टी बांधणाऱ्या दार्सेला मिळालं.

तर मी असं लिहीन: 'पाऱ्याच्या सोनेरी मुलाम्याच्या ब्राँझ शमादानांची जोडी'. लांब आहे, पण खरं आहे. फक्त वस्तूचं साल बघून घ्या, 1840 नंतर विजेनं मुलामा द्यायला सुरुवात झाली, तसं काम असेल तर पारा काढा आणि 'विजेचा मुलामा' लिहा. गिलिट नको, शब्द इंग्रजी गिल्टवरूनच आलाय पण मराठीत तो ऐकला की जत्रेतले खोटे दागिनेच डोळ्यापुढे येतात.