सुपरचार्जर बसवावा की नाही? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझ्याकडे २०१७ ची फोर्ड मस्टँग जीटी आहे. ५ लिटर व्ही-८, ऑटोमॅटिक, ३८ हजार किलोमीटर झालेली. आठवड्यातून तीन-चार दिवस कासारवडवलीहून ऐरोलीला ऑफिसला नेतो, रविवारी कधीतरी लोणावळा. एका गॅरेजने ट्विन-स्क्रू सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा, दोन स्क्रूंचा पंप) सुचवला आहे: १२ पीएसआय बूस्ट (हवेचा वाढीव दाब), मॅप (इंजिनाच्या संगणकाची सेटिंग) ईमेलने येणार, आठवड्यात गाडी हातात. इंजिन भक्कम आहे, काही होणार नाही, असे ते म्हणतात. बसवून घेऊ का?
— घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर: हा प्रस्ताव जसा आहे तसा घेऊ नका. इंजिन भक्कम आहे हे खरे. पण सुपरचार्जरमध्ये ताकदीच्या आधी उष्णतेचा हिशेब येतो, आणि तुमचा रोजचा रस्ता त्या बाबतीत फार कठीण आहे.

हवा दाबली की तापते. बाहेर ३५ अंश असताना १२ पीएसआय बूस्ट दिला आणि सुपरचार्जरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर त्यातून निघणारी हवा साधारण १२३ अंशांवर जाते. ६ पीएसआयला तीच हवा ८४ अंशांच्या आसपास राहते. इंटरकूलर, म्हणजे ही दाबलेली हवा गार करणारा भाग, यातली बरीच उष्णता काढतो. पण ती तो स्वतःच्या पाण्यात टाकतो, आणि ते पाणी गार करणारा छोटा रेडिएटर गाडीच्या तोंडाशी, एसीच्या कंडेन्सरसमोर बसतो. गाडी पळत असेल तर तिथे वारा मिळतो. कासारवडवली ते मानपाडा रांगेत अर्धा तास एसी लावून उभे असाल तर काहीच मिळत नाही. इंटरकूलरचे पाणी ४५ वरून ६० अंशांवर चढते आणि इंजिनावर बसलेला सुपरचार्जर खालच्या उष्णतेने भिजून जातो. जाममध्ये बूस्ट नसतो, म्हणून तिथे काही बिघडत नाही. बिघडते ते रस्ता मोकळा झाल्यावर पहिल्यांदा पाय दाबाल तेव्हा.

तुमच्या इंजिनाचे कॉम्प्रेशन ११:१ आहे. म्हणजे ते आधीच हवा भरपूर दाबते. त्यात ७०–८० अंशांची दाबलेली हवा गेली की पेट्रोल ठिणगीच्या ज्वाळेची वाट न पाहता कोपऱ्यात आपोआप पेटते. हेच नॉकिंग. ईसीयू (इंजिनाचा संगणक) ते ऐकून इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, त्यामुळे पैसे मोजून घेतलेली ताकद उन्हाळ्यात गायब होते. मॅप आक्रमक असेल तर ईसीयूला सावरायला वेळ मिळत नाही आणि पिस्टनच्या रिंगांमधला पातळ कठडा तुटतो. त्यानंतर इंजिन उघडण्याशिवाय मार्ग उरत नाही.

या इंजिनाला आणखी एक माहीत असलेली दुखरी जागा आहे: ऑइल पंपाचे गिअर आणि क्रँकचे स्प्रॉकेट. मूळ भाग धातूची भुकटी दाबून बनवलेले असतात. बूस्ट असताना गाडी वारंवार रेव्ह लिमिटरवर (इंजिनाच्या फेऱ्यांच्या कमाल मर्यादेवर) आपटली तर ते फुटू शकतात, तेलाचा दाब क्षणात शून्यावर येतो आणि बेअरिंगे जातात. सुपरचार्जर बसवायचाच झाला तर हे दोन्ही भाग पोलादाचे घालून मगच. त्यासाठी इंजिनाची पुढची बाजू उघडावी लागते. आठवड्यात गाडी देतो म्हणणाऱ्याने हे काम धरलेले आहे का, विचारा.

पेट्रोलचा हिशेब आम्ही नेहमी कागदावर मागतो. ६ पीएसआयवर तुमचे सुमारे ३९५ बीएचपी ५०० च्या आसपास जातील. बूस्टवरच्या इंजिनाला प्रत्येक अश्वशक्तीमागे तासाला साधारण ०.२७ किलो पेट्रोल धरतात. म्हणजे पूर्ण भाराला तासाला १३५ किलो, सुमारे १८२ लिटर. आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉलची ऊर्जा कमी असल्याने सात टक्के जास्त धरा, म्हणजे सुमारे २०० लिटर. आठ इंजेक्टर, आणि ते ८५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडे ठेवायचे नाहीत, तर प्रत्येकी ४९० सीसी प्रतिमिनिट क्षमता हवी. गाडीतल्या फ्युएल पंपाने २०० लिटर द्यायचे तेही रेलमधल्या (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतल्या) प्रत्यक्ष दाबाला; मोकळ्या नळीत दिलेला आकडा उपयोगाचा नाही. पेट्रोल कमी पडले की मिश्रण नेमके सर्वात जास्त भाराला पातळ होते.

ऑक्टेनच्या, म्हणजे पेट्रोल नॉकिंग किती रोखते त्याच्या, आकड्यात बरेच जण फसतात. अमेरिकन किटवर ‘९१ ऑक्टेन’ लिहिलेले असते. तिथे आरओएन आणि एमओएन या ऑक्टेन मोजण्याच्या दोन पद्धतींची सरासरी छापतात, आपल्याकडे आरओएन. त्यांचे ९१ म्हणजे आपले ९५–९६, आणि त्यांचे ९३ म्हणजे आपले जवळपास ९८. तो मॅप टाकून ९१ आरओएनचे पेट्रोल भरले तर इंजिन पहिल्याच चढावर ठोकू लागेल. शिवाय तिथे हे इंजिन ४३५ अश्वशक्तीचे म्हणून विकले गेले, त्यामुळे किटच्या जाहिरातीतला वाढीचा आकडा तुमच्या गाडीला जसाच्या तसा लागू होत नाही.

तरीही पुढे जायचे असेल तर आधी तुमचे इंजिन तपासा. आठही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट, गरम इंजिनावर, थ्रॉटल पूर्ण उघडून. सर्वात जास्त आणि सर्वात कमी यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. मग लीक-डाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबून किती गळते ते मोजायचे. दहा टक्क्यांच्या वर गळती असेल तर हवा कुठून सुटते ते ऐका. एग्झॉस्टमधून येत असेल तर व्हॉल्व्ह, ऑइल कॅपमधून येत असेल तर रिंगा, कुलंटमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट. यातले काहीही निघाले तर सुपरचार्जरचा विषय तिथेच थांबवा.

किट उजव्या हाताच्या स्टीअरिंगसाठी बनलेले आहे, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. स्टीअरिंगचा दांडा आणि ब्रेक बूस्टर आपल्याकडे उजवीकडे आहेत आणि नळ्यांना तिथे जागा कमी असते. स्पार्क प्लग एक पायरी थंड घ्या आणि गॅप ०.७ ते ०.८ मिमी ठेवा, मूळ १.२–१.३ मिमीच्या गॅपवर बूस्टमध्ये ठिणगी विझते आणि गाडी मिस मारते. क्रँककेसच्या वाफेतले तेल इंटेकमध्ये जाऊ नये म्हणून कॅच कॅन लावा. ते तेल पेट्रोलचे ऑक्टेन उतरवते. कॅन दर हजार-दीड हजार किलोमीटरला रिकामा करायचा. पावसाळ्यात त्यात पाणी मिसळून पांढरट चिकटा जमतो, तेव्हा आणखी लवकर. इंटरकूलरच्या पाण्यातली हवा नीट काढली नाही तर पंप फिरतो पण पाणी हलत नाही. टाकीचे झाकण उघडून प्रवाह डोळ्यांनी पाहावा. पुली एखाद मिलिमीटरने तिरकी असली तरी बेल्ट कडेने झिजतो.

मॅपिंग डायनोवर (गाडी जागीच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), तुमच्या गाडीवर, तुम्ही नेहमी भरता त्याच पेट्रोलवर. ईमेलचा मॅप फक्त गाडी सुरू करून डायनोपर्यंत नेण्यापुरता. पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा (प्रत्यक्ष हवा-पेट्रोल प्रमाण भागिले संतुलित प्रमाण) ०.७८ ते ०.८२ असावा. एअर-फ्युएलचा आकडा न मागता लॅम्डाच मागा, कारण ई-२० चे संतुलित प्रमाण १४.७ नसून साधारण १३.५ असते आणि जुन्या सवयीने वाचले की गोंधळ होतो. शेवटचे तीन रन लागोपाठ, मधे थंड होऊ न देता घ्यायला सांगा. त्या नोंदीत इंटेक हवेचे तापमान, नॉकमुळे मागे घेतलेले इग्निशन, रेलचा दाब आणि लॅम्डा या चारही रेषा हव्यात. तिसऱ्या रनला रेलचा दाब खाली पडत असेल किंवा एखाद्या सिलिंडरचे इग्निशन सतत मागे जात असेल, तर पैसे चुकते करू नका. इंटेक हवा ६० अंशांच्या वर गेली की इग्निशन आणि बूस्ट आपोआप कमी होतील अशी तरतूद मॅपमध्ये असलीच पाहिजे. या इंजिनाला आम्ही ६, फार तर ७ पीएसआयच्या पुढे जाऊ नका म्हणू.

हे सारे करायचे तर किटच्या किमतीत वाहतूक, आयात शुल्क आणि जीएसटी मिळवा, आणि त्यावर किमान एक तृतीयांश रक्कम बाजूला ठेवा: पोलादी गिअर, पंप, इंजेक्टर, डायनो, गिअरबॉक्सचा ऑइल कूलर, मागचे टायर, ब्रेक पॅड. ही रक्कम नसेल तर सुपरचार्जर नको. आणि तुमच्या वापराकडे बघून स्पष्ट सांगतो: कासारवडवली-पातलीपाडा-कापूरबावडीच्या रांगेत यातले काहीही उपयोगी पडत नाही. चांगले टायर, उकळणबिंदू जास्त असलेले ब्रेक फ्लुइड आणि पॅड, मेट्रोच्या कामाच्या धुळीने बुजलेल्या रेडिएटरची सफाई, आणि गिअरबॉक्सचे ताजे तेल, एवढ्यावर ही गाडी रविवारी लोणावळ्याच्या वाटेवर जो आनंद देईल तो रोज, न तापता मिळेल.

प्रश्न: सुपरचार्जरने सीसी बदलत नाही, मग आरटीओला काय अडचण? एमएच-०४ पासिंग आहे.
— माजिवडा, ठाणे

उत्तर: सीसी न बदलणे ही पळवाट धरू नका. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी करायला मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकच लावला. त्याच वर्षी दुरुस्त झालेल्या कलम १८२-अ नुसार परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. काम सुरू करण्याआधी आरटीओकडे लेखी विचारा. लेखी होकार नसेल तर अशी गाडी ट्रेलरवरून ट्रॅकला न्यायची, रस्त्यावर चालवायची नाही.

विम्याचे दुखणे याहून मोठे आहे. बदल न कळवता अपघात झाला तर कंपनी स्वतःच्या गाडीचा दावा नाकारू शकते. पीयूसीकडेही लक्ष द्या: बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर सीओ ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे, आणि वाढवलेल्या आयडलला लॅम्डा ०.९७ ते १.०३ च्या आत लागतो. मोठे इंजेक्टर नीट मॅप केले नसले की गाडी इथे अडकते, कारण ते अगदी थोडे पेट्रोल मोजून सोडू शकत नाहीत.

प्रश्न: निस्सान ३७०झेड आहे. सेंट्रिफ्युगल (पंख्याने हवा दाबणारे) सुपरचार्जर किट सोपे आणि थंड असते असे ऐकले. नवी मुंबईतच फिरवतो, मुख्यतः पाम बीच रोड.
— नेरुळ

उत्तर: थंड असते हे बरोबर. ते इंजिनावर न बसता बाजूला बसते आणि हवा ते कमी तापवते. पण त्याचा बूस्ट फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. ७,५०० आरपीएमला ७ पीएसआय देणारे किट ३,७५० ला पावणेदोन पीएसआयच देईल आणि २,५०० ला एकाहूनही कमी. पाम बीचवर कायद्याच्या वेगात तुमचे इंजिन बहुतेक वेळ २,५०० च्या खालीच असते. अटल सेतूवरसुद्धा मर्यादा ताशी १०० आहे. जिथे ताकद मिळेल तो वेग रस्त्यावर वापरताच येणार नाही.

दुसरी गोष्ट पावसाची. या किटचा एअर फिल्टर बऱ्याचदा बंपरच्या आत, चाकाजवळ खाली येतो. जुलैत सबवेमध्ये किंवा सायन-पनवेल महामार्गाच्या कडेला साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की फिल्टर पाणी ओढतो, आणि सिलिंडरमध्ये पाणी गेले की कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पावसाळ्यात बाहेर निघणार असेल तर फिल्टर वर, मूळ एअरबॉक्सच्या जागी येणारे किटच बघा. ओला बेल्ट पुलीवर घसरतो हेही आहेच. बूस्ट अचानक एक-दोन पीएसआय पडला तर आधी बेल्ट पाहा.

प्रश्न: आधीच सुपरचार्जर लावलेली गाडी स्वस्तात मिळते आहे. काय बघू?
— खारघर

उत्तर: डायनोची नोंद, मॅप कोणी केला आणि त्याची फाइल कुलूपबंद आहे का, हे आधी विचारा. कुलूपबंद असेल तर पुढे कोणीही तो दुरुस्त करू शकणार नाही. कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन तुमच्या माणसाकडून करून घ्या. प्लग काढून पोर्सिलेन बघा: त्यावर काळे किंवा चमकदार बारीक ठिपके असतील तर नॉकिंग होऊन गेले आहे. कॅच कॅनमध्ये तेल भरपूर असेल तर रिंगांवर शंका घ्या. सुपरचार्जरचा बेल्ट काढून पुली हाताने फिरवा. खरखर किंवा दांड्याला हलकासा खेळ जाणवला तर त्याचे बेअरिंग गेले आहे. मूळ इंटेक, मूळ इंजेक्टर आणि मूळ पुल्या मालकाकडे नसतील तर ती गाडी घेऊ नका. आरटीओने गाडी मूळ स्थितीत आणा म्हटले तर तुमच्याकडे आणायला काहीच नसेल.

प्रश्न: सुपरचार्जर नसलेल्या गाडीत एक्सपी-१०० (इंडियन ऑइलचे १०० ऑक्टेनचे पेट्रोल) टाकल्याने ताकद वाढते का?
— कोपरी, ठाणे

उत्तर: जी गाडी ९१ आरओएनवर नॉक न करता पूर्ण इग्निशन घेते तिची वाढत नाही. ज्या गाडीचा ईसीयू उन्हात नॉकमुळे इग्निशन मागे घेतो तिची गेलेली ताकद परत येते. निर्मात्याने पेट्रोलच्या झाकणाच्या आत ९५ लिहिले असेल तर ९५ भरा.