रशियन संगीतकार आणि पियानोवादक राखमानिनॉफला पहिल्याच अपयशाने तीन वर्षं गप्प केलं, हे खरं आहे का?

अर्धंच खरं आहे, कारण ते, म्हणजे १८९७ मध्ये पहिली सिम्फनी पडणं, पहिलं अपयश असलं तरी त्याच्याआधी बरंच काही घडलं होतं. मॉस्को कॉन्झर्वेटरी या संगीतशाळेतून १८९२ ला पास होताना परीक्षेसाठी म्हणून त्याने ‘अलेको’ नावाचा एकांकी ऑपेरा लिहिला, तोही तीन आठवड्यांच्या आत, सुवर्णपदक मिळालं आणि पुढच्या वर्षी तो थेट मॉस्कोच्या नामांकित बोल्शोय थिएटरमध्ये लागला. त्याच १८९२ मध्ये, १९ वर्षांचा असताना, सी शार्प मायनर या स्वरातला प्रील्यूड, म्हणजे पियानोचा एक छोटा तुकडा, आला. मी शिकताना हा महिनोन्महिने बडवलाय, ते शेवटचे जाडजूड कॉर्ड्स त्याच्या त्या अवाढव्य पंजाला सोपे असतील, आपल्याला नाहीत! पण हा तुकडा जगभर गाजूनही त्याला त्यातून जवळपास काहीच मिळालं नाही, कारण तो प्रकाशकाला एकरकमी किरकोळ पैशात विकून टाकला होता आणि परदेशात कॉपीराइटच नव्हता. अपयशाइतकंच हेही दुखणं होतं, पण ते कोणी सांगत नाही.

मग १८९७, सेंट पीटर्सबर्ग, पहिली सिम्फनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना. संगीतकार ग्लाझुनॉफ कंडक्टर, रिहर्सल अपुऱ्या, आणि हा बिचारा जिन्यात बसून कान झाकून ऐकत होता. वर क्यूई नावाच्या समीक्षकाने लिहिलं की नरकात संगीतशाळा असती तर हे तिथे फार आवडलं असतं. चोविशीही पूर्ण न झालेल्या पोराला असं कोणी लिहिलं तर काय होणार.

पण गप्प म्हणजे घरात तोंड लपवून बसला असं नाही हं, त्याच वर्षी मामोंतॉफ नावाच्या धनिकाच्या प्रायव्हेट ऑपेरात असिस्टंट कंडक्टर झाला, तिथे शल्यापिनसारख्या गायकाशी दोस्ती झाली, आणि गायकांना एंट्रीची खूण करायची असते हेही त्याला म्हणे पहिल्या रिहर्सलमध्ये कळलं. १८९९ ला लंडनला जाऊन कंडक्टही केलं आणि तो प्रील्यूडही वाजवला. संगीत चालूच होतं, फक्त मोठं असं काही लिहून होत नव्हतं, आणि माझ्या मते हाताखाली रोज ऑर्केस्ट्रा असल्याचा फायदा पुढे दुसऱ्या पियानो कॉन्चेर्टोत (पियानो आणि ऑर्केस्ट्रा मिळून वाजवायची रचना) ऐकू येतो.

१९०० मध्ये डॉ. निकोलाय दाल यांच्याकडे काही महिने संमोहनाचे उपचार झाले, तो कॉन्चेर्टो त्यांनाच अर्पण केलाय. पण संमोहनाने चुटकीसरशी बरा झाला हे जे सगळीकडे सांगतात ते मला पटत नाही. कॉन्चेर्टोचा दुसरा-तिसरा भाग आधी तयार झाला, डिसेंबर १९०० ला तेवढेच वाजवले, पहिला भाग नंतर आला, आणि १९०१ ला पूर्ण कॉन्चेर्टो स्टेजवर जायच्या जेमतेम पाच दिवस आधी हा मित्राला पत्र लिहितोय की पहिला भाग साफ फसलाय, आता काय करू. कंडक्टर त्याचा आतेभाऊ सिलोती होता, पियानोवर हा स्वतः, आणि तरीही इतका घाबरलेला.