वाचकांचे प्रश्न : राजधानी साताऱ्याच्या वाटा

पावसाचा जोर ओसरू लागला की साताऱ्याबद्दलची पत्रं वाढतात. त्यातली निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : शनिवार-रविवार साताऱ्यात मुक्काम आहे. अजिंक्यतारा, कास, ठोसेघर, सज्जनगड, बारा मोटांची विहीर आणि वासोटा एवढं बघायचंय. कसं बसवू? (पुणे)

वासोट्याचा किल्ला आधी यादीतून काढा. त्याला अख्खा दिवस लागतो आणि पावसाळ्यात तो बंदच असतो. बाकीचं बसतं, फक्त क्रम चुकवू नका.

नकाशावर कासचं पठार आणि ठोसेघरचा धबधबा शेजारी-शेजारी दिसतात आणि इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. दोन्हींच्या मधे उरमोडीचं खोरं आहे. कासचा रस्ता समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढतो, ठोसेघरचा बोगद्यातून निघून सज्जनगडाच्या पायथ्याने जातो. एकीकडून दुसरीकडे जायचं तर सरळ साताऱ्यात परत या. दोन्ही ठिकाणं शहरापासून साधारण २५ किलोमीटरवर आहेत, पण घाट, धुकं आणि गर्दी धरून एका बाजूला तासभर हाताशी ठेवा. एका दिवशी एकच रस्ता.

शनिवारी सकाळी कास उरका आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर अजिंक्यतारा चढा. रविवारी लवकर निघून आधी ठोसेघर बघा आणि परतताना सज्जनगडावर दुपारच्या महाप्रसादाला पोचा. उलट केलंत तर गडावरून निघेपर्यंत दुपार होते आणि ठोसेघरला गाडी लावायला जागा मिळत नाही. बारा मोटांची विहीर लिंब गावात, पुण्याच्या वाटेवरच आहे, ती घरी जाताना बघा.

सप्टेंबरच्या आसपास एका रविवारी साताऱ्याची हिल मॅरेथॉन असते. ती यवतेश्वरच्या घाटातूनच धावते आणि सकाळी तो रस्ता बंद असतो. निघण्याआधी तारीख बघून घ्या.

प्रश्न : मागे जुलैअखेर कासला गेलो होतो. धुक्याशिवाय काही दिसलं नाही. फुलं नक्की कधी असतात? (सोलापूर)

जुलैअखेर पठारावर पाऊस आणि वारा, एवढंच असतं. हंगाम ऑगस्टच्या शेवटी सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालतो. एकच आठवडा निवडायचा तर सप्टेंबरचा मधला धरा, मात्र पावसाप्रमाणे तो आठ-दहा दिवस मागेपुढे होतो. दोन दिवस उघडीप मिळाली की रंग धरतो. सलग झोडपलं तर तेरडा आडवा होतो.

सगळी फुलं एकदम फुलत नाहीत. गुलाबी पट्टा दिसतो तो तेरड्याचा. पांढरी गोंड्यासारखी फुलं ती गेंद. पिवळ्यात सोनकी आणि कवला, या कवल्यालाच हल्ली सगळे मिकी माउस म्हणतात. निळी-जांभळी चिमुकली फुलं म्हणजे सीतेची आसवं. गाडीतून उतरून फोटो काढून परत गेलात तर ही शेवटची दिसणारच नाहीत. जांभ्या खडकावर मातीचा थर जेमतेम बोटभर असतो आणि त्यात खत-पाणी धरून राहत नाही. म्हणून सीतेची आसवं आणि दवबिंदू या वनस्पती किडे पकडून आपली गरज भागवतात. दवबिंदू बघायचा तर ओल्या खडकाशेजारी उकिडवं बसा. पानांच्या टोकांवर चिकट थेंब चमकतात, त्यांतल्या एखाद्यावर चिलट अडकलेलं असतं. वायतुराही शोधा. पाण्याच्या डबक्यातून वर आलेला त्याचा तुरा दोन फाट्यांचा असतो आणि त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे.

टोपली कारवी दिसली नाही म्हणून हळहळू नका. ती सात वर्षांतून एकदाच बहरते.

हंगामात प्रवेशाची नोंदणी ऑनलाइन होते आणि रोजच्या माणसांवर मर्यादा असते. शनिवार-रविवारची तिकिटं आधीच संपतात, त्यामुळे मंगळवार-बुधवार जमवता आला तर बघा. सकाळी नऊ ते बारा ही वेळ उत्तम, ऊन वर आलं की फुलं नीट उघडतात. मुख्य रस्त्यालगतच सगळे थांबतात. जुन्या राजमार्गाने दीड-दोन किलोमीटर चाला, कुमुदिनी तळं लागतं. पाण्यावर तरंगणारी पांढरी, झालरीच्या कडांची फुलं तिथेच दिसतात. सपाट तळव्याची चप्पल मात्र नको. ओल्या जांभ्यावर शेवाळ असतं आणि माणूस पडतो तो मनगटावर. खडकावर आखून दिलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकू नका, तुडवलेल्या जागी पुढच्या वर्षी काही उगवत नाही.

कास तलावाचं पाणी सातारकर पितात. काठावर डबा खाल्लात तर खरकटंही पिशवीत भरून परत न्या.

प्रश्न : आई-वडील सत्तरीचे आहेत. अजिंक्यतारा आणि सज्जनगड झेपतील का? (सांगली)

अजिंक्यतारा झेपेल. दरवाजापर्यंत डांबरी रस्ता आहे. तुम्हाला चालायचं असेल तर अदालतवाड्याच्या बाजूची पायवाट गाडीरस्त्याला मिळते आणि तासाभरात वर पोचता येतं. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला, त्यानंतर पायथ्याला शहर वसलं. तटावर उभं राहिलं की पेठा कशा पसरल्या ते एका नजरेत कळतं. मंगळाईच्या बुरुजापर्यंत जरूर जा. औरंगजेबाच्या वेढ्यात, १७०० च्या एप्रिलमध्ये, याच बाजूला सुरुंग उडवले गेले. दुसरा उलटला आणि मोगलांचीच माणसं ढिगाऱ्याखाली गेली. हवा स्वच्छ असेल तर यवतेश्वर, सज्जनगड, जरंडेश्वर आणि चंदन-वंदन हे सगळं ओळखून काढता येतं.

सज्जनगडाला गाडी वाहनतळापर्यंतच जाते, पुढे पायऱ्या आहेत. पायऱ्या चांगल्या आहेत, पण गुडघे दुखत असतील तर तीन-चार ठिकाणी बसत-बसत चढा. गड बघायला दीड तास पुरतो. समर्थांची समाधी बघून बरेच लोक तिथूनच परततात. पश्चिम टोकाला धाब्याचा मारुती आहे, तिथपर्यंतची वाट जवळपास सपाट आहे आणि खाली उरमोडीचं पाणी दिसतं.

प्रश्न : वासोट्याला दोघंच जायचा विचार आहे. परवानगी, होडी यांचं काय? (कराड)

दोघांना महाग पडेल. होडीचं भाडं माणशी नसून होडीचं असतं, त्यामुळे आठ-दहा जणांचा गट करा किंवा धक्क्यावर दुसऱ्या गटाला विचारा. साताऱ्याहून पहाटे सहाच्या आत निघा. बामणोली सुमारे ४० किलोमीटर आहे. तिथे ओळखपत्र दाखवून वनखात्याची परवानगी घ्यायची, मग कोयनेच्या जलाशयातून दीड तास होडी. पलीकडे तपासणीत प्लॅस्टिकच्या वस्तू मोजून अनामत घेतात, परतताना तेवढ्याच वस्तू दाखवायच्या. म्हणून वेफर्सची पाकिटं घरीच ठेवा आणि स्टीलचे डबे न्या.

चढ दोन ते अडीच तासांचा आहे. बहुतेक वाट गर्द झाडीतून जाते, शेवटचा टप्पा मात्र उघडा आणि दमवणारा. पायथ्याच्या मारुतीजवळ ओढा आहे, तो शेवटचा भरवशाचा पाणवठा समजा आणि माणशी तीन लिटर पाणी घ्या. बाबूकड्याच्या टोकाशी वाकू नका. जंगलात गवे आणि अस्वलं आहेत, रांग सोडून पुढे पळू नका. मुक्कामाला परवानगी नाही, अंधाराआधी होडी परत लागली पाहिजे. गडबड होते ती नागेश्वरच्या गुहेतल्या मंदिरामुळे. वरून "इतकंच तर आहे" वाटतं आणि तीन-चार तास जातात. उशिरा पोचलात तर नागेश्वर सोडून द्या. डिसेंबर-जानेवारी सर्वांत बरा. पावसानंतर लगेच गेलात तर जळवांसाठी मोज्यांत तंबाखूची पूड किंवा मीठ घाला.

प्रश्न : भांबवलीचा वजराई धबधबा ऐन जुलैत बघावा का? (बारामती)

नको. मुसळधार पावसात वाट निसरडी असते, प्रशासन बऱ्याचदा बंदीही घालते आणि धुक्यात धबधब्याचा नुसता आवाज ऐकू येतो. सप्टेंबरात पाणी पुरेसं असतं, तिन्ही टप्पे दिसतात आणि कासला जोडून जाता येतं.

प्रश्न : बारा मोटांच्या विहिरीत बघायचं काय? (इचलकरंजी)

विहिरीच्या आतला महाल. १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांनी ही विहीर बांधून घेतली. सुमारे ११० फूट खोल, ५० फूट व्यासाची, अष्टकोनी, आणि वरून पाहिली तर शिवपिंडीचा आकार. पायऱ्या उतरून गेलं की कमानीवर दालन लागतं. तिथल्या खांबांवरचं कोरीवकाम सावकाश बघा, हत्ती-घोड्यांच्या आकृत्या नजरेतून सुटतात. वर जाऊन मोटा ओढायच्या जागा मोजा. नावात बारा असले तरी त्या पंधरा भरतात. महामार्गावरून लिंबचा फाटा घ्या आणि गावात विचारत शेरीकडे जा. आतल्या रस्त्याला दोन्हीकडे ऊस आहे, तोडणीच्या दिवसांत ट्रॉली समोर आली की गाडी मागे घ्यावी लागते. विहीर शेतात आहे. तळाशी पाणी असतं आणि कठडे जुने आहेत, लहान मुलांचा हात सोडू नका.