गावरान द्राक्षांची वाईन

प्रश्न असा आला आहे: इटलीहून आलेल्या 'पेकोरिनो' नावाच्या पांढऱ्या वाईनच्या माहितीत 'आर्तिजानाले' आणि 'उवे आउतोक्तोने' असे शब्द आहेत. मित्राने त्याचं मराठी 'देशी द्राक्षांची हातची वाईन' असं केलं. बरोबर आहे का? आणि पेकोरिनो हे तर चीज ना?

अर्थ चुकलेला नाही. पण 'देशी' हा शब्द मराठीत दारूच्या शेजारी बसला, की द्राक्षांकडे ढुंकूनही बघत नाही. तो सरळ 'देशी दारूचे दुकान' या पाटीखाली जाऊन उभा राहतो. 'गावठी' तर त्याच्याही पुढे, थेट हातभट्टीवर. त्यात मित्राने 'हातची' जोडलंय. काय वास येईल ते सांगायला नको.

'उवे' म्हणजे द्राक्षं, आणि 'देशी'चा मूळ शब्द 'आउतोक्तोने' मोठा देखणा आहे. ग्रीक 'आउतोस' म्हणजे स्वतः, 'ख्थोन' म्हणजे भूमी. आपण कुठून आलो नाही, याच मातीतून उगवलो, असं प्राचीन अथेन्सचे लोक अभिमानाने सांगत, ते याच शब्दात. संस्कृतात पृथ्वीला 'क्षमा' म्हणतात. त्यातला 'क्षम्' आणि हा 'ख्थोन' एकाच मुळाचे. म्हणजे शब्दशः भाषांतर 'भूमिपुत्र'! पण भूमिपुत्र म्हटलं की द्राक्षं सभेला निघाल्यासारखी वाटतात.

मी 'गावरान' घेईन. गावरान कोंबडी, गावरान लसूण, गावरान तूप: इथलं, जुन्या वाणाचं, आकाराने कमी पण चवीला सरस, हे सगळं त्या एका शब्दात येतं. पेकोरिनोची गोष्टही तशीच आहे. मध्य इटलीतल्या मार्के आणि आब्रुत्सो भागांतली ही द्राक्षं. लवकर पिकतात, गोडी भरपूर आणि आंबटपणाही टिकून, पण उतारा कमी. म्हणून शेतकऱ्यांनी जास्त माल देणारी त्रेब्बियानो लावली आणि ही जवळपास नाहीशी झाली. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला गुइदो कोच्ची ग्रिफोनी या बागायतदाराने आर्क्वाता देल त्रोंतो या डोंगरी गावातल्या जुन्या वेलींच्या काड्या आणून आपल्या बागेत वाढवल्या. तिथून हा वाण परत आला.

एक खोच आहे. गावरान आंबा म्हणजे कोयीचा, कलमी नव्हे. युरोपातल्या बहुतेक द्राक्षवेली मात्र फायलोक्सेरा या मुळावरच्या किडीनंतर अमेरिकन खुंटावर कलम केलेल्या असतात. (आपल्याकडेही नाशिक-सांगलीत डॉगरिजचा खुंट चालतोच, कारणं वेगळी.) तेव्हा काटेकोर बोलायचं तर वेल वरून गावरान, खालून परदेशी. मला चालेल.

चीजचं म्हणाल, तर 'पेकोरा' म्हणजे मेंढी. मेंढीच्या दुधाचं चीज ते पेकोरिनो. द्राक्षांना ते नाव का, तर कळप घेऊन डोंगर चढणाऱ्या-उतरणाऱ्या धनगरांच्या मेंढ्या वाटेत ही द्राक्षं खायच्या, असं सांगतात. वाईनमध्ये चीज नसतं, एवढं नक्की.

'पांढरी' खुशाल ठेवा. रंग पिवळसर असतो, पण काळी द्राक्षं तरी कुठे काळी असतात?

राहिलं 'आर्तिजानाले'. 'आर्तिजानो' म्हणजे कारागीर. 'घरगुती' म्हटलं तर पापड-लोणच्याच्या रांगेत बसेल. इटालियनमध्ये स्वतः द्राक्षं पिकवून स्वतःच वाईन करणाऱ्याला 'विन्यायोलो' म्हणतात, आणि त्याच्या जवळचा शब्द आपल्याकडे तयार आहे: द्राक्षबागायतदार. म्हणून मी लिहीन, 'गावरान द्राक्षांची, बागायतदाराने स्वतः केलेली पांढरी वाईन'. जागा कमी पडली तर बागायतदाराला गाळा, गावरान राहू द्या.