लिव्हर कॅन्सर पुढच्या स्टेजला आहे, गोळ्या चालू असताना टेस (TACE, नळीने थेट गाठीवर करायचा उपचार) पण करतात का?

हो, करतात, आणि लेनवॅटिनिबच्या गोळीला टेस जोडल्याचा फायदा चीनमधल्या लाँच (LAUNCH) नावाच्या ट्रायलमध्ये चांगलाच दिसलाय, 338 पेशंट होते, नुसत्या गोळीवर निम्मे पेशंट 11.5 महिन्यांपुढे जगले, दोन्ही मिळाल्यावर 17.8 महिन्यांपुढे. टेसमध्ये बहुतेकदा जांघेतून बारीक नळी लिव्हरच्या धमनीपर्यंत नेतात, गाठीत केमो सोडतात आणि तिचं रक्तच तोडतात, पण उपाशी पडलेली गाठ नव्या रक्तवाहिन्या फुटवायला बघते, तिथे ही गोळी आडवी येते. फक्त उरलेलं लिव्हर बऱ्यापैकी काम करत असेल तरच हां, कावीळ किंवा पोटात पाणी झालं असेल तर टेसनेच लिव्हर आणखी बसू शकतं, त्यामुळे आधी बिलिरुबिन, अल्ब्युमिनचे ताजे रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.