आधी टिकाव बाजूला ठेवा
परसबाग : तुमचे प्रश्न

प्रश्न : ताई, आमच्या रो-हाउसच्या मागे वीस बाय सहा फुटांची पट्टी आहे. बिल्डरने टाकलेला मुरूम, त्यात राडारोडा. बागेचं काम करणाऱ्या एकाने फूटभर खोदून एक ब्रास लाल माती भरू म्हणून जो आकडा सांगितला, तो ऐकून ह्यांनी विषयच बंद केला. माझ्याकडे सध्या पाचशे रुपये आहेत. न खोदता, थरावर थर रचून वाफा करतात असं ऐकलंय. मुरमावर जमेल का? (एक वाचक, धायरी)

उत्तर : जमेल. मुरमावर तर हेच करा. बागवाल्याचं गणित बरोबर आहे. १२० चौरस फुटांवर १० इंच माती पसरायची तर १०० घनफूट, म्हणजे एक ब्रास लागते. मला खटकतं ते खोदणं. मुरमात खड्डा काढून माती भरली की जुलैत त्याची टाकी होते. भुसभुशीत मातीतून पाणी भराभर खाली उतरतं, मुरमापाशी येऊन अडतं आणि मुळं कुजतात. आपल्याकडे वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्येच उरकतो, त्यामुळे हे हमखास होतं. जमिनीच्या वर रचलेल्या वाफ्यातलं जादा पाणी बाजूने निघून जातं.

वीस फुटांचा मोह मात्र आवरा. यंदा ६ बाय ३ फुटांचा एकच वाफा करा. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो, वाफ्यात पाय ठेवायची वेळ येत नाही. शिवाय दीड फूट उंच रचायचा तर २७ घनफूट माल लागतो, म्हणजे दाबून भरलेल्या आठ-दहा गोण्या. त्या भरता भरता वीस फुटांचं खूळ आपोआप उतरेल.

पाल्याचा ऐन हंगाम आत्ता, फेब्रुवारी-मार्चमध्ये आहे. सोसायट्यांचे झाडूवाले गोण्या बांधून ठेवतात, गाडी यायच्या आत गाठा. कचरा जाळायला बंदी असूनही कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग धुमसत असतात. तिथला पाला उचललात तर शेजारी दुवाच देतील. रेन ट्रीची बारीक पानं सगळ्यांत छान, लवकर कुजतात. आंबा, फणस, वड यांची जाड पानं पायाखाली तुडवून चुरा करून घ्या. निलगिरी आणि सुरूच्या झाडाचा पाला नको.

ओला माल मंडईत रात्री दुकानं आवरताना मिळतो: फ्लॉवरचा पाला, मटारची टरफलं, कोबीची वरची पानं. अमृततुल्यवाल्याकडचा चहाचा चोथाही चालतो, पण त्यात दूध-साखर उकळलेली असते, म्हणून पाण्यातून एकदा खळबळून घ्या. रसवंतीची चिपाडं दोन दिवस उन्हात वाळवा, नाहीतर अख्ख्या आळीच्या मुंग्या तुमच्याकडे मुक्कामाला येतील. तीही बेतानेच घाला. चिपाडं कुजताना नत्र खातात आणि झाडं उपाशी राहतात.

आता रचना. तण उपटू नका, जमिनीलगत कापून तिथेच पडू द्या. तुमच्या पट्टीत गाजरगवत असणारच. हे तण भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते पुण्यातच, १९५०च्या दशकात. पुणेकर म्हणून तेवढी ओळख ठेवा. ते फुलं यायच्या आत हातमोजे घालून कापा. फुलावर आलेलं वाफ्यात अजिबात नको. मग दोन दिवस जमीन पाण्याने पुरती मुरवा. मुरूम कोरडा ठेवून वर कितीही रचलंत तरी खालचा थर कोरडाच राहतो.

त्यावर पुठ्ठा. फ्रिज-वॉशिंग मशीनची खोकी मिळाली तर उत्तम, सांधे कमी येतात. चिकटपट्टी आणि पिना काढायचं काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलंत तर पुढे वर्षभर मातीतून टेपच्या पट्ट्या ओढत बसाल. गुळगुळीत रंगीत पुठ्ठा रद्दीवाल्याला परत द्या. एक पुठ्ठा दुसऱ्यावर वीतभर चढवा, फटीतून हरळी बरोबर वाट काढते. पुठ्ठा लिबलिबीत होईपर्यंत भिजवा. मग चार बोटं शेण आणि ओला माल, त्यावर वीतभर पाला, पाणी, पुन्हा तेच. ओल्याच्या दुप्पट-तिप्पट सुकं, एवढं सूत्र लक्षात ठेवा. घाण वास आला तर पाला घाला, महिनाभरात काहीच हललं नाही तर शेण आणि पाणी घाला. सगळ्यांत वर पालाच हवा, म्हणजे माश्या येत नाहीत. कडेला कुणाच्या तरी रिनोव्हेशनमध्ये निघालेले शहाबादी फरशीचे तुकडे उभे करा.

पाचशे रुपये कशावर घालायचे? बहुतेक जण इथेच फसतात. वाफ्यावर दोन इंच तयार खत पसरा असं सगळे सांगतात. तुमच्या वाफ्याला त्यासाठी तीन घनफूट, म्हणजे सुमारे ८५ लिटर खत लागेल, आणि पैसे तिथेच संपतील. तयार खत फक्त रोपाच्या आळ्यात घालायचं. जूनमध्ये वाफ्यात दोन ओंजळींएवढे खळगे करा, त्यात निम्मं गांडूळखत आणि निम्मी साधी माती भरून रोप किंवा बी लावा. मूळ तिथे रुजतं आणि तोवर कुजत आलेल्या पाल्यात आपणहून उतरतं. १० किलोंची पिशवी वाफ्याला पुरते. ती, पुठ्ठ्याखाली भुरभुरवायला २ किलो निंबोळी पेंड आणि गोठ्यावरचं दोन पोती शेण हे आमच्या सहकारनगरच्या बाजूला पाचशेच्या आत बसतं. शेण जुन्या उकिरड्याचं असेल तर आधी पसरून अर्धगोल वळलेल्या पांढऱ्या अळ्या वेचा. ती हुमणी, मुळं कुरतडते.

कोकोपीटच्या विटा, तयार मिश्रणाच्या पिशव्या, कुजवणाऱ्या द्रावणाच्या बाटल्या यातलं काहीही घेऊ नका. जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत, घरी होतं. २० लिटर पाण्यात १ किलो शेण, १ लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन, मूठभर झाडाखालची माती. सावलीत दोन दिवस ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. दहापट पाणी घालून वाफ्यावर ओता.

उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी पाणी द्या, तांदूळ-भाज्या धुतलेलं चालतं. वाफा बसत जाईल. गणपतीपर्यंत निम्म्यावर आला तर घाबरू नका, काम चालू आहे असं समजा. पहिल्या पावसाळ्यात लाल भोपळा, दोडका, चवळी, भेंडी लावा. चवळी वाणसामानातली आणि भोपळ्याच्या बिया भाजीतल्याच. भेंडी-दोडक्याच्या मात्र जून होऊन वाळलेल्या फळातल्या हव्यात, कोवळ्या भाजीतल्या रुजत नाहीत. मुळा-गाजराच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नका, अर्धवट कुजलेल्या पाल्यात त्यांना फाटे फुटतात. रोपं पिवळी पडली तर जीवामृत लवकर लवकर द्या. आज जमिनीत स्क्रू-ड्रायव्हर खुपसून बघा, टोक जेमतेम शिरेल. दिवाळीला वाफा बाजूला सारून तिथेच पुन्हा खुपसा.

आणि ‘ह्यांना’ हे परदेशी फॅड वाटत असेल तर सांगा, कोल्हापूरचे शेतीप्रयोग करणारे श्रीपाद अच्युत दाभोळकर ‘प्रयोग परिवार’ या शेतकऱ्यांच्या गटातून पालापाचोळ्याची माती करायला शिकवत होते. परदेशातलंच उदाहरण हवं असेल तर अमेरिकेत रूथ स्टाउटबाई होत्या. वाळक्या गवताच्या जाड थराखाली भाज्या पिकवायच्या, खोदायच्या नाहीत. १९८० साली गेल्या तेव्हा ९६ वर्षांच्या होत्या.

प्रश्न : गच्चीवर असाच दीड फूट उंच वाफा थेट स्लॅबवर रचला तर? पाला हलकाच असतो ना? (कोथरूड)

उत्तर : कोरडा असतो, काका. पावसात नाही. फूटभर ओली माती एका चौरस मीटरवर साधारण ५०० किलो भरते, आणि वापरातली गच्ची बहुधा चौरस मीटरला दीडशे किलोंच्या हिशेबाने बांधलेली असते. पाल्याचा वाफा मातीच्या निम्म्याहून कमी भरला तरी ती मर्यादा ओलांडतोच. शिवाय ओल सतत स्लॅबला लागून राहते. फळांचे क्रेट घ्या, आत गोणपाट लावा, विटांवर ठेवा, तुळईच्या रेषेत आणि अंतरा-अंतराने मांडा. आत थर हेच, पुठ्ठ्याशिवाय. इमारत जुनी असेल तर आधी इंजिनिअरला विचारा, मग मला.

प्रश्न : सासूबाई म्हणतात पुठ्ठ्याने वाळवी लागेल. खरं का? (कोंढवा)

उत्तर : सासूबाईंचं ऐका, निम्मं तरी. पुठ्ठा कोरडा पडला की वाळवी येते. ओला असेल तर सहसा गांडुळंच आधी पोचतात. वाफा भिंतीपासून दीड-दोन फूट लांब ठेवा, लाकडी चौकटीजवळ तर नकोच. पुठ्ठ्याखाली निंबोळी पेंड भुरभुरवा.

प्रश्न : लव्हाळा पुठ्ठा फोडून वर आला. (हडपसर)

उत्तर : येणारच, त्याच्या गाठी जमिनीत खोल असतात. दुहेरी पुठ्ठा घाला आणि दिसला कोंब की कापा, दर आठवड्याला, न कंटाळता. पाती नसली की गाठ हळूहळू रिकामी होते. उपटू मात्र नका, तुटलेल्या गाठी पुन्हा फुटतात.

प्रश्न : भाड्याचं घर, अकरा महिन्यांचा करार. मालक ओरडतील का? (वारजे)

उत्तर : विचारून करा. जमीन खणत नाही म्हटलं की बहुतेक मालक हो म्हणतात. घर सोडताना वाफा पोत्यांत भरा, तीन-चार पोती चांगलं खत निघेल. पुठ्ठा तोवर विरलेला असेल. टेम्पोत सामानाच्या वर ठेवा, गाद्यांपासून लांब.