नाशिकहून समुद्राकडे निघताना

अगं, समुद्राचा अभ्यास करायचाय ना तुला? मग नाशिकला समुद्र नाही म्हणून मागे फिरू नकोस. बारावीनंतर थेट सागरविज्ञानच हवं, असा हट्टही नको. प्राणिशास्त्र किंवा रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी इथेच कर, एमएस्सीला गोवा विद्यापीठ बघ. मत्स्यशास्त्र आवडलं तर रत्नागिरीजवळ शिरगावला कॉलेज आहे. गणित मात्र सोडू नकोस. मी अकरावीत सोडलं आणि पुढे लाटा-प्रवाहांचा पेपर आला तेव्हा रडकुंडीला आले.

सराव आजपासूनच कर. आपल्या जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य 2020 साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. तिथे पाणथळ जागा नुसती बघायला शीक. पाण्याचा नमुना गावच्या तळ्यातून घे, अभयारण्यातून नको. बादलीभर पाणी बारीक कापडातून गाळ, मागे उरलेला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धर. झटके देत पळणारा सायक्लॉप्स हा कोळंबीच्या कुळातला इवलासा जीव दिसेल, मादी असेल तर शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या. त्याचेच भाऊबंद समुद्रात माशांच्या पिल्लांचं अन्न असतात. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी तासभर जागची हलले नव्हते.

तारीख, वेळ, पाण्याचं तापमान लगेच वहीत लिही, तेही पेन्सिलने. ओल्या हाताने शाई पसरते. आणि पोहायला शीक, या उन्हाळ्यातच.